वजन आमचं, नाव दुसऱ्याचं

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पत्र जरा लांबलंय, कापायचं असेल तर खुशाल कापा, फक्त मधला पाटीचा भाग तेवढा ठेवा.

मी नाशिकला सिडकोत राहतो, सोळा-सतरा वर्षं झाली जावामध्ये प्रोग्रामिंग करतोय, आणि वडील निफाड तालुक्यात शेती करतात. यंदाचा उन्हाळ कांदा चाळीत थोडा ठेवला होता तो वडील ट्रॅक्टरने विकायला घेऊन गेले, बाजार कुठला ते लिहीत नाही कारण भांडण त्या एका बाजाराशी नाही. लिलाव झाला, काट्यावर वजन झालं, आणि आता सगळं ऑनलाइन झालंय म्हणून मोबाईलवर हिशोबपट्टी आली. वजन बरोबर, भाव बरोबर, रक्कम बरोबर, पण नाव दुसऱ्याच कुणाचं, गाव पण दुसरं, आणि बँक खात्याचे शेवटचे चार आकडेही त्याचेच.

वडील काउंटरवर गेले तर पोरगा म्हणाला, "काका सर्वर डाऊन आहे, उद्या आपोआप बरोबर येईल." शेजारचा म्हणाला, "तुम्हीच नोंदणी नंबर चुकीचा सांगितला असणार." वडिलांना तो नंबर झोपेतून उठवला तरी पाठ आहे. पण समोरचा कॉम्प्युटरकडे बोट दाखवून बोलला की आपल्याकडचा माणूस गप्प होतो, म्हातारा तर होतोच, घरी येऊन मला म्हणाले की माझंच काहीतरी चुकलं असेल बाबा. इथे माझं डोकं फिरलं.

पट्टीवर गाव होतं म्हणून ओळखीतून त्या दुसऱ्या शेतकऱ्याचा फोन मिळवला, सज्जन माणूस, त्याने लगेच त्याची पट्टी पाठवली. आता गंमत बघा. मला वाटलं अदलाबदल झाली असेल, त्याच्याकडे आमचं नाव गेलं असेल. तसं नव्हतं! त्याची पट्टी अगदी बरोबर, नाव त्याचं, वजन त्याचं, सगळं. म्हणजे त्याचं नाव दोन पट्ट्यांवर आणि आमच्या वडिलांचं एकाही नाही. आणि दोन्ही पट्ट्यांची वेळ एकच, ११ वाजून ४२ मिनिटं.

माणसाने चूक केली तर कागद अदलाबदल होतात, याची पट्टी त्याला त्याची याला. एक नाव दोन ठिकाणी उमटलं आणि एक गायबच झालं, तेही ऐन गर्दीच्या मिनिटाला, तर ते कारकुनाचं काम नाही आणि सर्वर डाऊनचंही नाही, सर्वर डाऊन असता तर पट्टीच आली नसती की. हा प्रोग्रामचा दोष आहे आणि मला तो लांबून वासावरून ओळखू येतो, कारण तो मी स्वतः करून बसलोय, ते पुढे सांगतो.

आता पाटीचं. समजा एका हॉलमध्ये पन्नास कारकून आहेत आणि पाटी एकच. कुठल्याही कारकुनाला शेतकऱ्याची माहिती हवी असली की तो आतल्या खोलीत नंबर ओरडतो, आतून एक लांबलचक वाक्य येतं, नाव अमुक गाव तमुक खातं ढमुक, ते ऐकून तो पाटीवर नीट रकाने पाडून लिहितो, मग काट्यावरून वजन आणतो, आणि पाटीवरचं नाव बघून पावती फाडतो. एक एक कारकून आपापल्या वेळेला आला तर वर्षभर काही बिघडणार नाही. पण पहिल्याने आमच्या वडिलांचं नाव लिहिलं, तो वजन आणायला वळला, तेवढ्यात दुसऱ्याने पाटी पुसून त्याच्या शेतकऱ्याचं नाव लिहिलं, पहिला परत आला, पाटीकडे बघितलं, आणि पावती फाडली. वजन आमचं, नाव दुसऱ्याचं. दुसऱ्याची पावती बरोबरच निघणार कारण शेवटचं त्याने लिहिलेलं. झालं ना सगळं तंतोतंत?

हे कारकून म्हणजे आमच्या भाषेत थ्रेड, एकाच प्रोग्राममध्ये एकाच वेळी राबणारे. पाटी म्हणजे ऑब्जेक्ट. आतली खोली म्हणजे वेबसर्व्हिस, आणि तिथून येणारं वाक्य म्हणजे तिचा जेसन किंवा एक्सएमएल, नुसती अक्षरांची माळ असते ती, आणि ती सोडवून रकान्यात भरणं म्हणजे डीसीरियलाइज करणं. माळ सोडवण्यात चूक फार क्वचित होते, त्याच्या लायब्ररी चांगल्या घासूनपुसून झाल्यात. चूक होते ती कुठल्या पाटीवर लिहायचं यात.

जे डेव्हलपर हे वाचत असतील त्यांच्यासाठी उघड सांगतो, बाकीच्यांनी दोन परिच्छेद सोडले तरी चालेल. जावाच्या स्प्रिंग फ्रेमवर्कमध्ये सर्व्हिस क्लासचा एकच नग सगळ्या रिक्वेस्टसाठी वापरला जातो, सांगितलं नाही तर डिफॉल्ट तेच, सर्व्हलेटचंही तसंच. मग त्या क्लासच्या वरती फील्ड म्हणून शेतकरी नावाचं व्हेरिएबल लिहिलं की ते पन्नास थ्रेडचं सामाईक झालं, आणि तीच ओळ मेथडच्या आत लिहिली की ज्याची त्याची वेगळी पाटी. एका ओळीची जागा बदलायची, बस. फ्रेशर पोरं वर लिहितात कारण कॉलेजात क्लासची फील्डं वरती लिहायची असंच शिकवलेलं असतं, आणि रिव्ह्यू करणारा घाईत असतो. आता उलट टोकाला जाऊन काहीजण घाबरून सगळंच दरवेळी नवीन बनवतात, तेही येडेपणाचंच आहे. जेसन सोडवणाऱ्या जॅक्सन लायब्ररीचा ऑब्जेक्टमॅपर सुरुवातीला एकदा सेट करून घेतला आणि नंतर त्याच्या सेटिंगला हात लावला नाही तर तो सगळ्या थ्रेडना मिळून वापरता येतो, तसाच वापरावा, दर रिक्वेस्टला नवा बनवला तर प्रत्येक वेळी क्लासची कुंडली पहिल्यापासून मांडत बसतो आणि ॲप रडत चालतं. एक्सएमएल सोडवणाऱ्या जॅक्स-बीमध्ये कॉन्टेक्स्ट सामाईक चालतो पण अनमार्शलर नाही, तो ज्याचा त्याला. डॉटनेटच्या एक्सएमएलसीरियलायझरची वेगळीच तऱ्हा, तो थ्रेडसेफ आहे, म्हणजे अनेक थ्रेडनी एकदम वापरला तरी बिघडत नाही, पण त्याचे काही कन्स्ट्रक्टर दरवेळी नवी असेंब्ली बनवून मेमरीत टाकतात आणि ती परत निघत नाही, तिथे मात्र एकदा बनवलेला जपून ठेवावा लागतो. आपल्या नाशिकरोडच्या नोटांच्या प्रेसमध्ये मशीन दरवेळी नवं आणत नाहीत पण एका छापलेल्या नोटेवर दुसरी नोट छापतही नाहीत, एवढं लक्षात ठेवलं तरी निम्मं काम होतं.

आणि लॉक लावतो, म्हणजे एका वेळी एकालाच पाटीला हात लावू देतो, म्हणणाऱ्यांना एक. लिहिण्यापुरतं लॉक लावून वाचताना मोकळं सोडलं तर उपयोग शून्य, लिहिल्यापासून पावती फाडेपर्यंत लॉक धरला तर बरोबर चालेल पण मग पन्नास कारकून एका पाटीपुढे रांगेत, द्वारका चौकात संध्याकाळी सातला असतं तसं. मग कुणी हुशार थ्रेडलोकल वापरतो, म्हणजे प्रत्येक कारकुनाला स्वतःची पाटी. चांगलं आहे, फक्त कारकून तोच राहतो आणि गिऱ्हाईक बदलतं, काम झाल्यावर पाटी पुसली नाही तर पुढच्याला मागच्याचं दिसणारच.

यावरून दुसरा प्रकार आठवला, तो तर जास्त वाईट कारण त्याला गर्दीसुद्धा लागत नाही. २०१२-१३ च्या सुमाराला मी एका कामावर होतो तिथे सीनियरने सांगितलं, नवीन ऑब्जेक्ट बनवू नको, गार्बेज कलेक्टरवर (वापरून झालेले ऑब्जेक्ट मेमरीतून झाडून काढणाऱ्यावर) लोड येतो, एकच ठेव आणि येईल तो जेसन त्याच्यातच भर. ऐकलं. आता जेसनमध्ये एखादा रकाना आलाच नाही तर काय होतं? रिकामा होत नाही, जुना तसाच राहतो! जॅक्सनमध्ये आहे त्याच ऑब्जेक्टवर भरायची सोय आहे, ती मुद्दाम तशीच वागते, जे आलं ते बदलते, जे नाही आलं त्याला हात लावत नाही, आणि थोडी दुरुस्ती करायची असते तेव्हा तेच पाहिजे असतं. पण आम्ही ती वेगवेगळ्या माणसांसाठी वापरली. ज्याचा मोबाईल नंबर नोंदलेला नव्हता त्याच्या नावापुढे आधीच्याचा मोबाईल नंबर. तीन आठवडे एका बाईंना भलत्याच लोकांचे डिलिव्हरीचे मेसेज जात होते आणि आम्ही त्यांना म्हणत होतो मॅडम तुमचा नंबर आधी दुसऱ्याकडे असेल. त्यांची माफी मागायची राहिली ती आजपर्यंत राहिलीच.

आणि ज्या बचतीसाठी हे केलं ती बचत नव्हतीच. आजकालच्या जावात छोटा, लगेच मरणारा ऑब्जेक्ट बनवणं जवळपास फुकट असतं, कलेक्टरला जिवंत राहिलेल्यांचा त्रास असतो, मेलेल्यांचा नाही. प्रचंड डेटा असेल तर पुनर्वापर खरोखर करतात, हडूप नावाच्या सिस्टिमचा रिड्यूसर हा भाग तेच करतो, एकच ऑब्जेक्ट फिरवून फिरवून देतो, पण त्याची जाण ठेवून वापरावं लागतं, नाहीतर यादीत दहा नावं टाकली असं वाटतं आणि बघावं तर दहाही शेवटचंच नाव. कांद्याच्या चारशे-पाचशे ट्रॅक्टरला याची गरज नाही हो.

सगळ्यात जास्त लाज वाटावी असा माझा बग तारखेचा. जावात तारीख वाचायला सिम्पलडेटफॉरमॅट नावाचा जुना क्लास आहे, तो पोटात एक कॅलेंडर ठेवतो आणि तारीख वाचताना आधी ते पुसतो मग भरतो, म्हणजे परत पाटीच. तो थ्रेडसेफ नाही असं त्याच्या कागदपत्रात स्पष्ट लिहिलंय, मी वाचलं नव्हतं, स्टॅटिक करून, म्हणजे सगळ्यांना मिळून एकच, ठेवला. रोज व्यवस्थित चालायचं, सोमवारी सकाळी दहा ते साडेदहा माल कधी पोचणार तर २२ व्या शतकात. कधी कधी 'मल्टिपल पॉइंट्स' असा एरर यायचा, तारखेत पॉइंट कुठून आले म्हणून दोन दिवस मी समोरच्या कंपनीच्या डेटाला शिव्या घातल्या. टेस्टरने माझ्या शेजारी बसून पन्नास वेळा केलं, एकदाही आलं नाही, आणि तिकीट बंद झालं, 'नॉट रिप्रोड्यूसिबल', म्हणजे पुन्हा घडवून दाखवता येत नाही. एका माणसाने पन्नास वेळा करणं आणि पन्नास माणसांनी एकदम करणं यात फरक आहे हे तेव्हा आमच्या दोघांच्याही डोक्यात आलं नाही. जावा ८ मध्ये, म्हणजे २०१४ ला, डेटटाइमफॉरमॅटर आला, तो बनला की बदलत नाही म्हणून कितीही जणांनी वापरा. तरी अजून जुनाच कॉपीपेस्ट होतो, परवाच एका पोराच्या कोडमध्ये बघितला.

कुणी म्हणेल गावठी पोरांनी स्वस्तात केलेलं काम आहे म्हणून असं होतं. तसं नाहीये. गिटहब, जिथे जगातले प्रोग्रामर कोड ठेवतात, त्यांनी ८ मार्च २०२१ ला लॉगिन असलेल्या सगळ्यांना एकदम बाहेर काढलं होतं, कारण क्वचित एखाद्याला दुसऱ्याचंच लॉगिन मिळत होतं. कारण काय, तर रिक्वेस्टची माहिती ठेवणारा एक ऑब्जेक्ट पुढच्या रिक्वेस्टला परत वापरला जायचा आणि बाजूला सुरू केलेला एक थ्रेड जुना समजून त्याच्यावरच हात ठेवून बसलेला. आमच्या पट्टीचाच मोठा भाऊ. त्यांच्या हिशोबाने ०.००१ टक्क्यापेक्षा कमी सेशनला धोका होता, तरी सगळ्यांना बाहेर काढलं आणि काय झालं ते स्वतः लिहून जाहीर केलं. आमच्याकडे "काका उद्या बरोबर येईल."

आणि हे हसण्यावारी नेऊ नये म्हणून जुनं उदाहरण देतो. थेराक-२५ नावाचं कॅन्सरला रेडिएशन द्यायचं मशीन होतं, १९८५ ते १९८७ मध्ये अमेरिका-कॅनडात त्याने सहा पेशंटना भयानक जास्त डोस दिला, त्यातले काही गेले. टेक्सासमधल्या टायलर गावच्या हॉस्पिटलमधली ऑपरेटर हाताने पटापट टाइप करणारी, चुकलेलं अक्षर मागे जाऊन दुरुस्त करून पुढे जायला तिला काही सेकंदच लागायचे, आणि मशीनचे मॅग्नेट जागेवर यायला आठेक सेकंद. तेवढ्यात केलेली दुरुस्ती स्क्रीनवर दिसायची पण प्रोग्रामच्या दुसऱ्या भागाला कळायचीच नाही. सावकाश टाइप करणाऱ्याला हे कधीच दिसलं नसतं. कंपनी म्हणत होती असा ओव्हरडोस शक्यच नाही. शेवटी त्या ऑपरेटरने आणि तिथल्या फिजिसिस्टने मिळून तोच एरर पुन्हा पुन्हा करून दाखवला तेव्हा मान्य झालं. वापरणाऱ्या माणसावर विश्वास ठेवायचा की स्क्रीनवर, हा झगडा असा जुना आहे.

आता मागणं काय, ते साधं आहे. बाजार असो, पाणीपट्टी असो, दवाखान्याचा नंबर असो, जिथे लोकांना ॲप वापरायची सक्ती आहे तिथे काम ताब्यात घेण्याआधी एक चाचणी करून घ्या. शंभर नोंदणी नंबर घ्या, ते शंभरही एकाच सेकंदाला सोडा, आणि परत आलेल्या प्रत्येक उत्तरात पाठवलेल्याच नंबरचं नाव आहे का ते प्रोग्रामनेच तपासू द्या. असं दहा मिनिटं चालू ठेवा. अशा चाचणीचं जेमीटर नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, चांगला पोरगा हे अर्ध्या दिवसात लिहितो. आत्ता काय करतात, तर लोड टेस्टमध्ये फक्त उत्तर किती वेळात आलं आणि दोनशे कोड, म्हणजे 'सगळं ठीक' असा सर्वरचा शेरा, आला का एवढंच बघतात, दुसऱ्याच्या नावाची पट्टीसुद्धा दोनशेच कोड घेऊन येते हो, आणि बऱ्यापैकी फास्ट येते. तसंच काही रकाने मुद्दाम गाळून पाठवा, खातं नसलेला शेतकरी, मोबाईल नसलेला शेतकरी, आणि बघा मागच्याचं चिकटतंय का.

दुसरं म्हणजे लॉग. पट्टी कुठल्या रिक्वेस्टची, कुठल्या थ्रेडने बनवली, आतून काय मजकूर आला होता, हे लिहून ठेवलं असतं तर वडिलांना तीन चकरा पडल्या नसत्या. आणि २०२३ मध्ये वैयक्तिक डेटाचा कायदा झालाय त्यात चुकून एकाची माहिती दुसऱ्याला दिसली तरी तो भंगच धरलाय, आणि ज्याची माहिती गेली त्याला कळवायचं बंधन घातलंय. त्या शेतकऱ्याचे खात्याचे आकडे आमच्या मोबाईलवर आले, त्याला कुणी कळवलं? मी कळवलं, फोन करून.

२०२७ च्या सिंहस्थाची तयारी चालू आहे, रामकुंडावर गर्दी किती असेल ते नाशिककरांना सांगायला नको, आणि त्या गर्दीसाठी पार्किंगपासून हरवलेल्या माणसांपर्यंत कशाकशाची ॲप होतील. हरवलेल्या आजीच्या फोटोखाली भलत्याच मुलाचा फोन नंबर आला तर काय, एवढाच विचार ते घेणाऱ्यांनी करावा. फेब्रुवारीतल्या एखाद्या दुपारी ऑफिसात दोन मोबाईलवर डेमो बघून सही करू नये.

वडिलांची पट्टी चौथ्या दिवशी दुरुस्त होऊन आली. नाव बरोबर आहे, खातं बरोबर आहे. गावाच्या नावात मात्र आता एक वेलांटी चुकलीये जी नोंदणीत कधीच चुकलेली नव्हती, म्हणजे ती कुणीतरी हाताने टाइप करून पाठवलीये, आणि पाटी अजून तिथेच आहे.

आपला,
एक वाचक, सिडको, नाशिक